आमचें पन्नासाचें भिंग

गेल्या वर्षींच्या अंकांत वसतिगृहांतील मुलांचें जें समूहचित्र छापलें होतें, त्याची पालकांनीं व माजी विद्यार्थ्यांनीं पुष्कळ वाखाणणी केली. पावसाळ्याच्या मंद उजेडांतही चेहरे किती स्वच्छ उमटले आहेत, केसांचा भांगसुद्धां कसा दिसतो, अशा आशयाचीं पत्रें आलीं. तें चित्र आम्हींच काढिलें होतें. ती वाखाणणी आज आम्हांस परत करावयाची आहे. आणि कां, हें सांगण्यासाठीं वाचकांस थोडा वेळ भिंगांच्या भानगडींत नेणें भाग आहे. यंत्रांचा ज्यांस कंटाळा असेल त्यांनीं मधला भाग खुशाल ओलांडावा.

शाळेचा कॅमेरा निकॉनचा आहे. त्याबरोबर आलेलें भिंग १८ पासून ५५ मिलीमीटरपर्यंत लांबवितां येतें, आणि मैदानावरील खेळ, ध्वजवंदन, सहल यांस तें उत्तम पुरतें. अडचण होते ती छपराखालीं. आमच्या इमारतीच्या भिंती जाड व खिडक्या लहान. नाताळचा कार्यक्रम तर संध्याकाळींच व्हावयाचा. हें भिंग पूर्ण लांबविलें असतां त्याचें छिद्र एफ ५.६ हून मोठें होत नाहीं. तेवढ्याशा वाटेनें येणाऱ्या उजेडांत चित्र उमटावयास सेकंदाचा पंधरावा भाग लागे, आणि सेकंदाच्या पंधराव्या भागांत आठवींतला मुलगा किती हलतो हें शिक्षकांस सांगावयास नको. तीन वर्षें आमच्या नाताळच्या नाटकांतील मेंढपाळांना चित्रांत तीन-तीन हात असत.

यावर उपाय म्हणजे प्राइम लेन्स. ज्या भिंगाचें नाभीय अंतर कायमचें ठरलेलें असतें, म्हणजे जें लांबवितां किंवा आखडतां येत नाहीं, त्यास हें नांव आहे. जवळ-दूर करावयाचें तें पाहणाऱ्यानें आपल्या पायांनीं करावें. ही एक सोय काढून टाकल्यामुळें भिंग घडविणाऱ्याचें काम सोपें होतें, आणि थोड्या कांचांत व थोड्या पैशांत मोठें छिद्र मिळतें. एफ १.८ च्या छिद्रांतून एफ ५.६ च्या मानानें नऊ-दहा पट उजेड आंत येतो. पंधराव्या भागाचें काम सेकंदाच्या सुमारें दीडशेंव्या भागांत उरकतें. मेंढपाळ पुन्हां दोन हातांवर येतात. इतकें कळल्यावर मुलांनीं वर्षभर घरोघरची रद्दी जमविली, ती विकून आलेले पैसे आमच्या स्वाधीन केले, आणि कोणतें भिंग घ्यावें हा निर्णय आमच्यावर सोंपविला.

आम्हीं ५० मिलीमीटरचें घेतलें.

त्याचें कारण आमच्या विद्यार्थिदशेंत आहे. आम्ही स्वतः मिशनच्या वसतिगृहांत वाढलों. तेथील रेक्टरांपाशीं फिल्मचा एक जुना कॅमेरा होता. त्यास ५० मिलीमीटरचें भिंग होतें, आणि तें कधीं कोणीं बदललेलें आम्हांस आठवत नाहीं. आयुष्यांतील पहिलें चित्र आम्हीं त्याच कॅमेऱ्यानें काढिलें. पुढें वाचनांत आलें कीं, ओस्कार बार्नाक यांनीं घडविलेला लायका कॅमेरा १९२५ सालीं बाजारांत आला तेव्हां त्यासही ५० मिलीमीटरचेंच भिंग होतें. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनीं आपलें बहुतेक काम त्याच मापाच्या भिंगानें केलें हेंही वाचलें. १९४८ सालीं महात्मा गांधींची हत्या झाली तेव्हां ते दिल्लींत होते, व अंत्ययात्रेच्या शोकाकुल गर्दीचीं त्यांनीं काढिलेलीं चित्रें जगभर गेलीं. एवढ्या थोरांस जें पुरलें तें आमच्या भोजनगृहास पुरणार नाहीं असें मनांत येण्याचें कारणच नव्हतें. दुकानदारानें विचारलें, "सर, मुख्य करून कशाचे फोटो काढायचे आहेत?" आम्ही म्हणालों, "सगळ्यांचेच." तो आणखी कांहीं विचारणार, तोंच आम्हीं पैसे मोजले. त्या गृहस्थाकडे यत्किंचितही दोष नाहीं.

आतां चूक कोठें होती तें पाहूं. लायकाच्या फिल्मवरील चौकट ३६ मिलीमीटर रुंद व २४ उंच. आमच्या कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागीं जो सेन्सर आहे तो २३.५ रुंद व १५.६ उंच, म्हणजे क्षेत्रफळानें निम्म्याहूनही कमी. कॅननच्या या वर्गांतील कॅमेऱ्यांत तो आणखी किंचित लहान, २२.३ व १४.९ असतो. ह्यासच क्रॉप सेन्सर म्हणतात. भिंग तेंच, त्यानें मागें पाडलेली प्रतिमाही तीच. परंतु सेन्सर तिचा मधला भाग तेवढा उचलतो आणि कडा वाया जातात. खिडकीपासून हललों नाहीं, परंतु तिचीं दोन्ही दारें थोडथोडीं ओढून घेतलीं, तसा हा प्रकार. अंगण लहान झालेलें नसतें. आपणांस कमी दिसतें एवढेंच. ५० चें भिंग या कॅमेऱ्यावर ७५ चें होतें असें जें लोक म्हणतात त्याचा अर्थ इतकाच. भिंग कांहीं वाढत नाहीं.

हें सर्व आम्हांस पाठ होतें. कोणी विचारतें तर फळ्यावर आकृति काढून समजावूनही दिलें असतें. परंतु हातांत टेप घेऊन भोजनगृह मोजावें असें मात्र सुचलें नाहीं. पुढें दहावींतील एका मुलीनें जें त्रैराशिक दोन मिनिटांत सोडविलें, तें आम्हीं आधीं मांडावयास हवें होतें. ५० मिलीमीटरवर रुंदी २३.५ मिलीमीटर, तर २० फुटांवर किती? उत्तर ९.४ फूट. जुन्या फिल्मवर तेंच उत्तर १४.४ फूट येतें. रेक्टरांच्या कॅमेऱ्यांत आमचें सबंध वसतिगृह मावत असे, तें या पांच फुटांमुळें.

चित्र काढिलें तो ऑगस्टचा महिना होता. तीन दिवस पावसाची झड लागून राहिलेली, मैदानांत घोटाभर चिखल. म्हणून पंचवीसही मुलांस भोजनगृहांत नेलें. पुढची रांग जमिनीवर, दुसरी बांकावर, तिसरी मागें उभी. समोरच्या भिंतीस पाठ लावून आम्ही, आणि मध्यें वीस फूट. व्ह्यूफाइंडरमध्यें पाहतों तों दोन्ही कडांचीं मुलें बाहेर. "जवळ सरका" म्हणालों, मुलें सरकलीं. "आणखी सरका" म्हणालों. मुलें खांद्यावर खांदा चढवून उभीं राहिलीं. त्याउपर माणसें आखडत नाहींत, आणि आमच्या पाठीमागची भिंतही हटत नव्हती.

जुनें भिंग शेजारच्या खोलींत कपाटांत होतें. तें आणून १८ वर ठेविलें असतें, कॅमेरा टेबलावर टेकविला असता, आणि मुलांस क्षणभर श्वास रोखावयास सांगितलें असतें, तर सारीं मावलीं असतीं. किंबहुना कोणाही पालकाच्या खिशांतील मोबाइलमध्यें तीं सहज मावलीं असतीं, आणि हें आम्हांस अधिकच बोचतें. परंतु आज नव्या भिंगानें चित्र काढावयाचें असें आम्ही मनाशीं योजून गेलों होतों. कडेच्या चौघांस आम्हीं सांगितलें, "तुम्ही बाजूला व्हा, तुमचा दुसऱ्या खेपेस घेऊं." चौघेही मुकाट्यानें बाजूस झाले. उरलेल्या एकवीस मुलांचें चित्र घेतलें. तें इतकें सुरेख आलें कीं आम्ही तें मुलांस दाखवीत बसलों. इतक्यांत वीज गेली आणि जेवणाची घंटा झाली. दुसरी खेप त्या दिवशीं राहिली, दुसऱ्या दिवशीं राहिली, आणि मग ती आमच्या आठवणींतूनच गेली.

त्या चौघांपैकीं एक जण दसऱ्यानंतर वसतिगृह सोडून गेला. आईबापांनीं मुकादमाकडून उचल घेतली होती. ऊसतोडीस कर्नाटकांत जावयाचें, दोघांनाही कोयता धरावयाचा, आणि धाकट्या दोन भावंडांस फडावर सांभाळावयास तिसरें कोणी नाहीं. आम्हीं आपल्या परीनें बापाची समजूत घातली. तो नम्रपणें ऐकत राहिला, "होय सर" म्हणाला, आणि मुलाची पेटी उचलून घेऊन गेला. उचल घेतलेल्या माणसास याहून निराळें काय करतां येतें, हें आम्हांसही सांगतां आलें नसतें.

फेब्रुवारींत अंक निघाला. चार-पांच दिवसांनीं मधल्या सुट्टींत एक म्हातारी शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभी राहिली. हातांत आमचें वार्षिक होतें. शेजारच्या मुलाचें मागून आणलेलें.

"मास्तर, आमच्या पोराचा फोटू यात आलाय म्हणं. मला मेलीला दिसंना. तुम्ही दावा."

आम्हीं तीस खुर्ची दिली. ती जमिनीवरच बसली. कोणाची आजी हें कळल्यावर आमच्या छातींत धस्स झालें, परंतु तोंडांतून शब्द निघेना. तिनें पुढच्या रांगेंतील पहिल्या मुलाच्या तोंडावर बोट ठेविलें. "ह्यो?" आम्ही म्हणालों, "नाही, आजी." बोट पुढें सरकलें. "मग ह्यो?" "नाही." सात जण झाले. दुसऱ्या रांगेचे सात झाले. वास्तविक तेव्हांच आम्हीं सांगून टाकावयास पाहिजे होतें. आम्हीं सांगितलें नाहीं, आणि तिसऱ्या रांगेचे सातही तिनें तसेच मोजले. मग ती चित्राच्या अगदीं डाव्या कडेशीं थांबली.

"आन् ह्यो हात कुणाचा?"

तेथें एक कोपर होतें. इतके महिने तें आम्हीं पाहिलें नव्हतें. आमच्या प्रकारच्या कॅमेऱ्यांतील व्ह्यूफाइंडर सबंध चित्र दाखवीत नाहीं. शेंकडा ९५ च्या आसपास दाखवितो, आणि त्याच्या बाहेरची बारीकशी कड सेन्सरवर उमटते. बाजूस झालेला मुलगा फार दूर गेला नव्हता. आम्हांस दिसला नाहीं, तरी त्याचें कोपर कॅमेऱ्यानें घेतलें होतें.

"हे ठिगळ मी लावलंय," आजी म्हणाली. "पांढरं कापड घरात नव्हतं, म्हणून चुलत्याच्या पायजम्याचं पट्ट्यापट्ट्याचं लावलं." तिनें कोपरावरून अंगठा फिरविला. "बरं, हात तरी आला."

आम्हीं तीस झालेली हकीकत सांगितली. जशी येथें लिहिली तशीच, पण त्रैराशिक वगळून. ती रागावली नाहीं. रागावती तर बरें झालें असतें. नवी प्रत आम्हीं दिली ती तिनें पदरांत गुंडाळली, आणि कारखाना बंद झाला म्हणजे चैत्रांत सारीं परत येतील असें सांगून ती गेली.

त्यानंतर आम्हीं नव्यानें भिंग शोधावयास आरंभ केला. या खेपेस कोणाचीं पुस्तकें वाचलीं नाहींत. जुन्या लांबत्या भिंगाची कडी २४ वर फिरवून तिच्यावर चिकटपट्टी लावली, व एक आठवडा त्याच मापानें शाळेंत चित्रें काढिलीं. दुसरा आठवडा ३५ वर, तिसरा ५० वर. जेव्हां जेव्हां मागें सरतां सरतां पाठ भिंतीस टेकली, तेव्हां तेव्हां वहींत एक रेघ ओढली. ५० च्या आठवड्यांत एकोणीस रेघा झाल्या, ३५ च्या आठवड्यांत चार. २४ च्या आठवड्यांत एकही नाहीं. परंतु तेथें उलट अडचण अशी कीं, एकट्या मुलाचा चेहरा घ्यावयाचा तर इतकें जवळ जावें लागे कीं तो पुस्तक वाचावयाचें सोडून आमच्याकडेच पाहूं लागे. शिवाय अगदीं जवळून घेतलेल्या चेहऱ्यांत नाक मोठें होतें. हा दोष भिंगाचा नव्हे, जवळ जाण्याचा. पण नाक मोठें झालेल्यास हा भेद पटवून देणें कठीण.

कोणास स्वतःसाठीं भिंग घ्यावयाचें असेल तर ही चिकटपट्टीची परीक्षा अवश्य करावी. तीस कांहीं खर्च नाहीं. जुनीं चित्रें संगणकावर उघडलीं असतां प्रत्येक चित्र किती मिलीमीटरवर काढलें याची नोंदही त्यांत सांपडते. ती चाळली म्हणजे आपले पाय आपणांस नेहमीं कोठें उभे करितात तें कळून येतें. छायाचित्रकारांचा एक जुना ठोकताळा आहे कीं, चौकटीच्या कर्णाइतकें किंवा त्याहून थोडें अधिक नाभीय अंतर डोळ्यास स्वाभाविक वाटतें. फिल्मच्या चौकटीचा कर्ण सुमारें ४३ मिलीमीटर, म्हणून तेथें ५०. आमच्या सेन्सरचा सुमारें २८, म्हणून येथें ३५. त्रैराशिकानें पाहतां ३५ चें भिंग २० फुटांवर १३.४ फूट रुंदी घेतें. पंचवीस मुलें तीन रांगांत बसविलीं तर सर्वांत मोठी रांग नऊ जणांची, खांद्याला खांदा लावून सव्वाअकरा फूट. दोन्ही बाजूंस फूट-फूट जागा उरते.

निकॉनचें या मापाचें, क्रॉप सेन्सरसाठींच केलेलें एफ १.८ चें भिंग २००९ सालीं निघालें. तेंच आम्हीं घेतलें. कॅननच्या कॅमेऱ्यांसाठीं २०१४ सालीं निघालेलें २४ मिलीमीटरचें एफ २.८ चें लहानसें भिंग आहे, आणि ज्यांच्या घरांतील खोल्या आणखी लहान आहेत त्यांनीं त्याचाही विचार करावा. जुनें भिंग स्वस्तांत मिळत असेल तर एक गोष्ट पाहून घ्यावी. निकॉनच्या डी ३००० व डी ५००० या मालिकांतील कॅमेऱ्यांत प्रतिमा आपोआप स्पष्ट करणारी मोटर नसते. ती भिंगांतच असावी लागते. नसेल तर भिंग लागतें, चित्रही निघतें, पण स्पष्ट करावयाचें तें दर वेळीं हातानें.

पन्नासाचें भिंग आम्हीं टाकलेलें नाहीं. एकट्या माणसाच्या चेहऱ्यास तें फार गोड आहे; तीन-चार हात दूर राहून निवांत चित्र घेतां येतें. मात्र पांच फुटांवर छिद्र पूर्ण उघडें ठेविलें तर जेमतेम दोन-अडीच इंच खोलीचा भाग स्पष्ट येतो. डोळा साधला कीं कान सुटतो. रद्दीच्या पैशांस या दुसऱ्या खेपेस आम्हीं हात लावला नाहीं. त्याचें कारण मुलांनीं विचारलें नाहीं, आणि आम्हीं सांगितलें नाहीं.

चैत्रांत, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यांत, आम्ही आजीच्या गांवीं गेलों. घर म्हणजे पत्र्याखालची एक खोली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुरते दहा फूट, आणि उजेड दारांतून येईल तेवढाच. मुलगा परत आला होता. वीतभर उंच झालेला, उन्हानें काळवंडलेला, मनगटांवर उसाच्या पानांचे बारीक ओरखडे. अंगांत तोच सदरा होता. बाह्या आखूड झाल्या होत्या, आणि पट्ट्यांचें ठिगळ कोपराच्या वर सरकलें होतें. धाकटीं दोघें त्याच्या पायांशीं घोटाळत होतीं. जूनमध्यें शाळेंत येशील ना, असें आम्हीं विचारलें. त्यानें बापाकडे पाहिलें. बाप म्हणाला, "बघू, सर."

आजीला चुलीजवळ बसविलें. आम्ही समोरच्या भिंतीस पाठ टेकून कॅमेरा उचलतों तों मुलगा आपण होऊनच दाराच्या बाजूस सरून उभा राहिला.

"इकडे ये. आजीजवळ बैस."

"मावंल का, सर?"

आम्हीं व्ह्यूफाइंडरला डोळा लावला. चूल होती, फळीवरचे डबे होते, आजी होती, आणि तिच्या शेजारीं पुष्कळ जागा होती. तो येऊन बसला तरी त्याच्या दोन्ही कोपरांबाहेर हातभर भिंत दिसत होती.

तें चित्र या अंकांत नाहीं. त्याची एकच प्रत काढिली. ती आजीकडे आहे.